कॉफीची खिडकी

सावो भागातल्या एका तळ्याकाठी लाकडी नाचघर आहे.
तिथे माझी जागा ठरलेली:
तिकिटाच्या डब्याशेजारी, कॉफीच्या खिडकीत.
एकोणीस उन्हाळे, दर शनिवारी,
मी टँगो पाठमोरी ऐकत आले,
वेलदोड्याचे पाव ओव्हनमधून काढताना.

जुलैत इथे रात्र होत नाही.
अकरा वाजताही पाण्यावर दुधाळ उजेड,
डास, ओल्या बर्चचा वास.
आठवडाभर हवामानापलीकडे
एकमेकांशी चार शब्द न बोलणारी आमची माणसं
परक्या खांद्यावर हात ठेवतात
आणि डोळे मिटून घेतात.

एन्सिओ कुओस्मानेन आत येत नसे.
जन्मभर ओंडक्यांचा ट्रक चालवला त्यानं.
इर्या गेल्यापासून
साठ किलोमीटरवरून यायचा,
पूर्ण तिकीट काढायचा
आणि पुन्हा गाडीत जाऊन बसायचा.
काच दोन बोटं खाली,
डास आत जातील एवढी. गाणंही.

एकदा कॉफी नेऊन दिली, तर म्हणाला,
या बँडच्या सगळ्या कॅसेटी आहेत घरी.
त्यात भाता ऐकू येत नाही.
कुठला भाता?
त्यानं दोन्ही पंजे छातीपुढे धरले,
हळूहळू लांब नेले.
सूर निघायच्या आधी, म्हणाला,
अकॉर्डियन श्वास घेतं.
इर्याही घ्यायची, वळायच्या आधी,
इथे, कानाशी.
मग काच वर केली. दोन बोटं सोडून.

त्या रात्रीपासून मी ओव्हनचं दार हळू लावते.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार.
अंधार परतून आलेला, दिवे लावावे लागले.
ताउनोची बोटं दुपारपासूनच आखडलेली.
मला माहीत होतं,
त्याला कपाचा कान धरवत नव्हता.
आणि ऐन टँगोत, वरच्या सुराकडे जाताना,
त्याचा हात घसरला. थांबला.
ढोलवाला त्याच्याकडे बघत राहिला.
मेर्वी पुढचा शब्द तोंडात धरून उभी,
गरम बटाटा धरावा तशी.

तेव्हा मी वळले.

आणि फळ्यांवरून सरकणारे पाय ऐकले,
शंभरेक जोड्यांचे.
कुणी थांबलं नव्हतं.
कुणी डोळेसुद्धा उघडले नव्हते.
सर्र, सर्र, जरा थांब, सर्र.
वाजवणाऱ्याच्या हातून सम निसटली
ती पायांनी उचलून घेतली,
शेजारणीचं पोर घटकाभर सांभाळावं तशी,
काही न बोलता;
आणि ताउनोच्या भात्यात पुन्हा हवा भरली तेव्हा
त्याच्या हवाली केली.

किती वेळ गेला?
आठ मात्रा असतील.
पाव खालून करपले.

बाहेर गाडीचं दार वाजलं.
एन्सिओ पायरीवर उभा, टोपी हातात.
चेहरा ओला होता असं मी म्हणणार नाही.
दव फार पडतं आमच्याकडे ऑगस्टात.

भिंतीवरचा तांबडा दिवा लागला:
आता बायकांनी विचारायची पाळी.
मी हात मागे नेला, ॲप्रनच्या गाठीकडे.
गाठ ओली होती, सुटेना.
तेवढ्यात पोस्टातली हेल्वी पोचली त्याच्यापर्यंत,
मान किंचित झुकवून.
बरंच झालं. मला कुठे नाचता येतं.

तो पहिल्या दोन पावलांना चुकला.
नंतर हेल्वीनं काहीतरी केलं,
किंवा ताउनोनं,
आणि एन्सिओ वळला.

करपलेले पाव मी फुकट वाटून टाकले.
एका पोराला पाच युरो जास्त परत दिले,
त्यानं मुकाट्यानं ठेवून घेतले.
कप विसळताना तळव्यांना काहीतरी जाणवलं,
खालून, बारीक, ठेक्यात.
खाली पाहिलं.
नाचाच्या फळ्या तशाच सरळ
माझ्या खिडकीपर्यंत आलेल्या,
मध्ये जोड नाही, उंबरा नाही.
एकोणीस उन्हाळे मी त्यांच्यावरच उभी होते.

टाचा उचलल्या.
ठेवल्या.